आईने मागितलेली द्राक्षं

बाबा, तुम्ही रेल्वेतून निवृत्त झालात आणि रायपूरजवळ अभनपूरकडच्या त्या तुकड्यात द्राक्षं लावलीत, तेव्हा शेजारचे भैया हसले होते. धानाच्या जमिनीत अंगूर कुठे होतात, असं ते म्हणाले. धान तर सगळेच लावतात, एवढंच तुमचं उत्तर. आई हसली नाही. तिला मांडवाखाली बसायला आवडायचं, आणि पहिला रोग तिनेच ओळखला. पानावर तेल सांडल्यासारखा पिवळा डाग, पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. याला केवडा म्हणतात, हे तुम्ही मग आम्हाला सांगितलंत. टपात मोरचूद आणि चुना कालवून तुम्ही औषध करायचात, त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहायचात. खिळ्यावर तांबूस थर चढला आहे, तुम्ही म्हणता आहात, "चुना कमी पडला, पानं जळतील," मी चुना ओतते आहे आणि आई नाकाला पदर लावून दूर उभी आहे. मला तुम्ही दोघं अजून असेच दिसता.

मग ते वर्ष आलं. घोस गोड व्हायला लागले आणि अवेळी पाऊस सुरू झाला. आई तेव्हा रायपूरला दवाखान्यात होती, तिचं लिव्हर थकलं होतं. तुम्ही तिच्या खाटेजवळून उठून थेट बागेत गेलात आणि सगळ्या वेली फवारल्यात. वरवरच्या औषधाने भागणार नव्हतं, म्हणून या वेळी आत भिनणारं औषध मारलंत. बाग वाचली. पाठोपाठ आईने द्राक्षं मागितली. कितीतरी दिवसांनी तिने काही खायला मागितलं होतं. तुम्ही बाजारातून आणलीत, मिठाच्या पाण्यात घोळून घोळून धुतलीत. तिने एक दाणा तोंडात घेतला आणि म्हणाली, "हे आपले नाहीत."

"आपल्याइले आत्ताच औषध मारलं. त्याचा अंश उतरू दे, मग आणतो. थोडी थांब."

"थांबते," ती म्हणाली.

तिला थांबता आलं नाही. औषधाची मुदत संपली त्या सकाळी तुम्ही एकटेच बागेत गेलात आणि पहिला घोस आणून तिच्या फोटोपुढे ठेवलात. नागपूरहून आलेली मावशी भरल्या घरात म्हणाली, "काहून नाही दिले तिले दोन दाणे? मरतच होती ना ते." तुम्ही हळूच म्हणालात, "मले वाटलं होतं, वाचते. वाचणाऱ्या माणसाले जहर कसं देऊ?" त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही. तुम्ही बाग शेवटपर्यंत सांभाळलीत, पण द्राक्षाचा दाणा तोंडात घातला नाहीत.

आता बाग मी बघते. माझी पोरगी म्हणते, "मम्मी, बेच दो ना, कितना करोगी." मी तिच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, तुमच्यापुढेही तसंच दिलं असतं. यंदाही ऐन पिकण्याच्या दिवसांत ढग आले आणि पानांवर ते डाग दिसले. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते. ते वाचताना मला दर वेळी कळतं की तुम्ही बरोबर होतात. तेच सोसवत नाही, बाबा. चुकला असतात, तर तुमच्यावर रागावून मोकळी झाले असते, मग माफही केलं असतं. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं?

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. काल फवारा सुरू करायच्या आधी मी एक घोस तोडून घरी आणला. दर वर्षी आणते. आंबट असतो, कोणी खात नाही. फ्रीज उघडून पोरीने विचारलं, किसके लिए रखा है? मी म्हटलं, असाच.