टेबल सोडायचं नाही

प्रिय ठसका,

ह्यांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारते आहे, कारण दुसरं काय म्हणायचं ते आता मला कळत नाही. सूनबाई म्हणावं, तर तू आमच्या घरातून गेलीस त्याला किती महिने झाले. फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा, असं माझं कितीदा तरी झालं. नवऱ्याला सोडून गेलेल्या मुलीने त्याच्या आईचा फोन का म्हणून उचलावा? त्यापेक्षा पत्र बरं. नको वाटलं तर तू ते न वाचता ठेवून देशील, आणि मी मात्र इथे वाचलं असेल, वाचलं असेल म्हणत बसू शकेन.

आधी गंमत सांगते. परवा मी भांडले. हो, मीच! भाजीवाल्याने निम्मे टोमॅटो सडके दिले तरी निमूट घरी आणून चिरणारी तुझी सासू.

आम्ही तिघं गाडीने वन्संकडे निघालो होतो. चिरंजीव चालवत होते, हे पुढे बसून रस्ता चुकवत होते आणि मी मागे, एकटी. मागच्या सीटवर तुझ्याशिवाय फार जागा होते गं. दुपारी भुकेने जीव कासावीस झाला तेव्हा रस्त्याकडेच्या एका मोठ्या हॉटेलात शिरलो. भाव बघायला कार्ड मागितलं, तर वेटर म्हणाला की ते छापायला गेलंय. तू असतीस तर तिथल्या तिथे उठली असतीस. आम्ही आपले बसलो. सूप, भात, भाजी आणि ह्यांच्यासाठी उकडलेली अंडी मागवली. न मागता काकडीची बशी आली, न मागता पाण्याच्या बाटल्या उघडल्या गेल्या. ह्यांना वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत! त्या प्रेमापोटी त्यांनी अख्खी बशी फस्त केली. मग बिल आलं. काकडीचे पैसे, बाटल्यांचे पैसे, दोन भातांचे चार झालेले, आणि सगळ्यात खाली लहान मुलांच्या उंच खुर्चीचं भाडं. शेजारी रिकामी होती म्हणून मी त्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली होती. पर्सचं वय तेवढं विचारलं नाही त्यांनी.

चिरंजीवांनी बिल वाचलं, त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी पाकीट काढलं. प्रवासात एवढं चालायचंच, असं काहीतरी पुटपुटत पैसे टेबलावर ठेवले आणि गाडी काढतो म्हणून बाहेर गेले. तुला हे नवीन नाही. दर वेळी तो गाडीत जाऊन बसायचा आणि तू मागे राहायचीस. तुझी ती रीत मला पाठ झाली आहे. गल्ल्यापाशी उभ्याने वाद घालायचा नाही, तिथे माणसाला सहज वाटेला लावता येतं. पुन्हा येऊन टेबलाशी बसायचं. बाहेर जागेसाठी लोक ताटकळत असले की मालक आपल्या पायाने येतो. मग आवाज न चढवता, दादा, जरा समजावून सांगता का, म्हणत एकेका ओळीवर बोट ठेवायचं. तेव्हा मी छताकडे बघत बसायची, म्हणून तुला वाटत असेल की मला लाज वाटते. लाज कसली! मला मजा यायची. घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून मी तुझी वाक्यं म्हणून बघायची.

तर परवा मी ते पैसे उचलून मुठीत धरले आणि बसून राहिले. हे म्हणाले, निघायचं ना? म्हटलं, बसा गप. आधी वेटर आला, मग त्याच्या वरचा, मग खुद्द मालक. मी म्हटलं, दादा, जरा समजावून सांगता का? आवाज चिरका निघाला, पण निघाला. खुर्चीच्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा त्या मालकालाच हसू आवरेना.

तेवढ्यात तुझा नवरा आत आला. मला वाटलं, आता हा मला हाताला धरून बाहेर नेणार. तो क्षणभर उभा राहिला, मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. म्हणाला, काकडी आम्ही मागवली नव्हती. इतक्या हळू म्हणाला की मालकाने काय, म्हणून विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. काकडीचे पैसे आम्ही शेवटी दिलेच, कारण ती ह्यांच्या पोटात होती. बाकीचं जादा लावलेलं सगळं मालकाने खोडलं. जाताना त्याने विचारलं, आजी, हे शिकलात कुठे? माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्या सुनेकडे.

 पुढे वाटेत चिरंजीवांनी गाडी कडेला घेतली आणि समोर काचेतून बघत तो म्हणाला, आई, ती तिथे एकटीच भांडत बसायची ना गं? मला त्याचा राग आला आणि पोटात तुटलंही, शेवटी माझंच पोर. जाण्याआधी तू मला स्वयंपाकघरात सांगितलं होतंस, की तो वाईट नाही, कधी शब्दानेही दुखवत नाही, फक्त काही अडलं की तो तिथे नसतो. तेव्हा मला ते पुरतं कळलं नव्हतं. त्या टेबलाशी, हे शेजारी असूनही, एकटी पडल्यावर कळलं. पण मी त्याची वकिली करत नाही. शहाणपण उशिरा आलं, तर त्याचं जे व्हायचं ते त्याने सोसावं.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघं घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करणार, हे मला माहीत आहे. तू खुशाल कर, आम्हा म्हाताऱ्यांकडे बघून हात आखडू नकोस. काल त्याच्याबरोबर मीही वकिलाकडे गेले होते. त्यांना विचारलं, माझी सही कुठे लागते? ते म्हणाले, सासूची सही लागत नाही, कागदात तुमचं नावच नाही. मी त्यांना सगळी पानं पुन्हा उलटायला लावली. खरंच नाही गं, कुठेही नाही. म्हणजे त्या दिवशी मोकळे व्हाल ते तुम्ही दोघं. तुझ्या-माझ्याबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही. तरी तुला माझ्यापासूनही सुटायचं असेल, तर ते तू समोर येऊन माझ्या तोंडावर सांगायचंस. रविवारी तो घरी नसेल. सकाळीच ये, म्हणजे सांगायला दिवसभर वेळ मिळेल, आणि नाहीच सांगावंसं वाटलं तर जेवून जा.

वाट बघणारी, तुझीच,
आई