हवाईची नोट आणि खोडरबर

हॅनकॉक, मिशिगन
रविवार, ९ ऑक्टोबर १९९४

ती. लेम्पी मावशीस,

आर्विडचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मार्थाने जिन्याला कठडा बसवला का, की अजून तू भिंतीला धरूनच उतरतेस? डुलूथला थंडी आमच्याआधी आली असं ऐकलं, तर लोकरीचे मोजे घालत जा. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. माझ्याशी संसार करूनही हेल्मी खुशाल आहे. कुत्रा खुशाल आहे. माझ्याबद्दल पुढे लिहितो, आणि ते वाचून झाल्यावर तू मला पुतण्या-भाच्यांच्या यादीतून वगळलंस तरी माझी तक्रार नाही.

तुला माझा छंद ठाऊक आहे. त्याचा उगम तूच आहेस (दोष देत नाही, नोंद करतो). मी सात वर्षांचा असताना वाढदिवसाला तू मला दोन डॉलरची नोट दिलीस. ती दुकानदाराने घ्यायला नकार दिला, 'असली नोट नसतेच' म्हणून, आणि तेव्हापासून जी नोट कोणी घेत नाही ती आपण घ्यायची, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. दर शनिवारी मी बँकेतून एक-एक डॉलरच्या शंभर नोटांचं बंडल घेतो, घरी येऊन एकेक नोट बघतो, आणि सोमवारी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या बँकेत भरतो. त्याच बँकेत भरल्या तर पुढच्या शनिवारी त्याच नोटा पुन्हा माझ्याच गळ्यात पडतील, म्हणून. नऊ वर्षं हे चाललं आहे. पहिल्या बँकेतल्या मिसेस ट्रेवॅरो मला पाहिल्या पाहिल्या म्हणतात, "या मास्तर, आजचा पालापाचोळा काढून ठेवलाय." नऊ वर्षांत मिळालं काय? क्रमांकाच्या शेवटी चांदणी असलेल्या सहा नोटा (छपाईत एखादी नोट बिघडली की तिच्या जागी अशी चांदणीवाली घालतात), एक तिरकी कापलेली, आणि एक जिच्यावर कोणीतरी वॉशिंग्टनला मिशा काढल्या होत्या. मिशा मी मोजत नाही, पण हेल्मी मोजते.

आता ऑगस्टकडे येतो. सव्वीस तारखेला आपण तुझ्या उनोच्या, म्हणजे आमच्या उनोकाकांच्या, थडग्यावर दगड बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू 'कालव्याकाठी जरा पाय मोकळे करून येते' म्हणालीस, निळी टोपी घालून गेलीस आणि तासाभराने आलीस. मी विचारलं नाही. (विचारायला हवं होतं. पण चौकशी करणं आणि काळजी करणं यांतली सीमा कुठे असते, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षीही कळत नाही.) दुपारी तू बसने गेलीस.

त्यानंतरच्या मंगळवारी मी डोलोरेसच्या हॉटेलात मटण भरलेली, करंजीसारखी दुमडलेली पॅस्टी खाल्ली. सुटे पैसे देताना ती गल्ल्यातला ट्रे उचलून म्हणाली, "थांब रे मास्तर, तुझ्या जातीची एक आलीय. दोन गिऱ्हाइकांनी परत केली, खोटी म्हणून." आणि तिने काउंटरवर एक डॉलरची नोट ठेवली, जिची मोहोर तपकिरी होती आणि जिच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठळक अक्षरांत 'हवाई' असं छापलेलं होतं! मावशी, युद्धात हवाई बेटं जपान्यांच्या हाती लागलीच तर तिथले पैसे एका फटक्यात रद्द करता यावेत म्हणून ह्या नोटा वेगळ्या छापल्या होत्या. एवढ्या वर्षांनी, पॅस्टीचे सुटे पैसे म्हणून! मी तिला विचारायला हवं होतं, ही दिली कोणी? मी विचारलं ते एवढंच, की हिला ही घडी तू घातलीस का गं?

नोटेला एकच खोट होती. दर्शनी बाजूच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने बारीक, पुसट असं काहीतरी गिचमिड केलेलं होतं. मला वाटलं, कुठल्याशा वाण्याचा हिशेब. आम्हा नोटा जमवणाऱ्यांतला पहिला नियम असा आहे की नोट धुवायची नाही, इस्त्री करायची नाही, पुसायची नाही. पण किमतींच्या यादीत लिहिलेलं असतं की शाईचं वा पेन्सिलीचं लिखाण असेल तर किंमत निम्मी. मला विकायची नव्हती, देवाशप्पथ. मला ती फक्त स्वच्छ हवी होती. अकरा दिवस मी स्वतःशी भांडलो (डायरीची बारा पानं झाली आहेत, त्यांतली चार फक्त 'स्वच्छ' म्हणजे काय यावर). बाराव्या दिवशी शाळेच्या चित्रकलेच्या कपाटातून मऊ खोडरबर आणलं आणि पुसलं. अगदी हळुवार. नवजात बाळाचं तोंड पुसावं तसं.

सुरेख निघाली. हेल्मीला दाखवायला म्हणून खिडकीशी नेली, आणि दुपारचं ऊन तिच्यावर तिरकं पडलं. पेन्सिल गेली होती, पण दाबून लिहिल्यामुळे कागदात चर राहिले होते. आपल्या फिनिशमध्ये होतं. पहिली ओळ: 'लेम्पी.' दुसरी: 'परत आलो की या नोटेवर बाहेर दोन कप कॉफी.' तिसरी मला वाचता येईना. खाली १९४४.

हेल्मीने नोट माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "तू इतिहास शिकवतोस ना? लिहिलेलं आधी वाचावं आणि मग पुसावं, हे कितव्या इयत्तेत येतं?"

मी तसाच डोलोरेसकडे गेलो आणि विचारलं, ही नोट निळ्या टोपीतल्या माझ्या मावशीने दिली का. ती म्हणाली, "अगं बाई, तुझी मावशी होती होय ती? खिडकीजवळचं टेबल मागितलं. दोन कॉफी सांगितल्या. म्हटलं, दुसरं कोण येतंय? तर म्हणते, त्याला उशीर झालाय. एक कप प्यायली, दुसरा समोर तसाच. मी म्हटलं गार झाली, बदलून देते. तर म्हणते, राहू दे, गार झाल्याशिवाय पीतच नसे तो. ही नोट ठेवली, सुटे राहू दे म्हणाली, आणि गेली. मला वाटलं, म्हातारीला दिसलं नसेल कुठली नोट देतेय ते."

तुला चांगलं दिसत होतं, हे मला ठाऊक आहे. उनोकाका मला आठवतात ना! 'घरात किटली असताना बाहेर कॉफीला पैसे मोजणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर स्वीडिश,' असं ते म्हणायचे. दिवसातून नऊ वेळा घरी प्यायचे, आणि युद्धावर असताना कबूल केलेली ही एक बाहेरची पन्नास वर्षं पुढे ढकलत राहिले. शेवटी तू एकटीने जाऊन त्यांचा शब्द पुरा केलास. आणि तुझ्या भाच्याने ती नोट गल्ल्यातून उचलून आणली, आणि त्यावरचं त्यांचं अक्षर खोडलं.

महिना झाला, मी हे पत्र रोज लिहितो आणि फाडतो. क्षमा मागावी, तर कशाची? पुसल्याची, की वाचल्याची? दुसरा अपराध मला जास्त मोठा वाटतो, पण पहिला केला नसता तर दुसरा घडलाच नसता, आणि मग मी आयुष्यभर तुमची खाजगी गोष्ट प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाहुण्यांना दाखवत बसलो असतो. ते बरं झालं असतं का? बँकेत जाणं सोडलं आहे. मिसेस ट्रेवॅरोंनी शाळेत फोन करून विचारलं, मास्तर हयात आहेत ना?

नोट सोबत पाठवत आहे. ती तुझी आहे. मार्थाला आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझा अपराधी भाचा,
आर्विड

ता.क. (मंगळवार) खरं तर पत्र याच्यासाठी लिहिलं: तिसऱ्या ओळीत काय होतं? पाचेक शब्द असावेत. तू पन्नास वर्षं ती जपलीस म्हणजे तुला तोंडपाठ असणार. ते कागदावरून नाहीसं करणारा मी, म्हणून ते कुठेतरी शिल्लक आहे एवढं कळलं तरी पुरे. सांगायचं नसेल तर नुसतं 'आठवतं' असं लिही.

ता.क. २ (बुधवार) सोबत नोट नाही. लिफाफा चिकटवताना हेल्मी म्हणाली, "तिने खर्च केली रे ती. परत कशी पाठवतोस? आपण दिलेलं ताट कोणी तसंच परत केलं तर कसं वाटेल?" म्हणून डोलोरेसकडे गेलो, खिडकीजवळचं टेबल मागितलं, दोन कॉफी सांगितल्या. "हा काय रोग लागलाय तुमच्या घराण्याला?" ती म्हणाली. एक मी प्यायलो, दुसरी गार होऊ दिली आणि मग तीही प्यायलो (उनोकाकांनी टाकू दिली नसती). नोट गल्ल्यात टाकायला लावली आणि माझ्यासाठी ट्रेखाली बाजूला ठेवायची नाही असं बजावलं. नव्वद सेंट झाले. उरलेलं दहाचं नाणं सोबत आहे.

ता.क. ३ (शनिवार) पत्र अजून टाकलेलं नाही. डोलोरेस शुक्रवारी भरणा करते, ट्रेवॅरोबाईंच्याच बँकेत. आज सहज तिकडून चाललो होतो. तीन बंडलं घेतली. तिन्ही पाहून झाली, त्यांत ती नाही. 'सुटलो' असं डायरीत लिहिलं, मग ते खरं नाही असं वाटून काट मारली. पेनाने, एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी.