तळहातावरची किल्ली

४ जानेवारी

आजही दुकानात शुकशुकाट! समोरच्या मोठ्या दुकानात आता मशीनच किल्ली कापून देतं. आमचे हे गल्ल्यावर बसून जुनी कुलुपं पुसतात. नणंदेचा फोन — "वहिनी, व्हिडिओ काढा, नेटवर टाका. घरबसल्या जाहिरात!" यांना सांगितलं तर म्हणे, "किल्ली कधी कुणाला दाखवतात का?" यांची ती शिस्त — किल्ली कापली की कागदात गुंडाळायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. मलासुद्धा नीट बघू देत नाहीत. भित्रा स्वभाव, दुसरं काय! दुकान बंद पडल्यावर कागदात काय गुंडाळणार, डोंबल?

९ जानेवारी

कुलपाला तेल कसं घालावं, याचा व्हिडिओ टाकला. काळं कुत्रं विचारेना.

१६ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या. रिटायर झाल्यात, एकट्या असतात. जादा किल्ली करून आमच्याकडेच ठेवायची होती. "मला रात्री-अपरात्री काही झालं तर तुम्ही येऊ शकाल."

हे किल्ली कापून, कागदात गुंडाळून जेवायला गेले. मी फोन पुढे केला — दोन शब्द बोला ना! बाई खुलल्या. "मी इथेच वरच्या मजल्यावर एकटी राहते. पण या दुकानावर डोळे झाकून विश्वास!" कागद मीच सोडला. नुसती पुडी कोण बघणार? बाईंनी किल्ली तळहातावर धरली, मी अगदी जवळून घेतली. दात न् दात स्पष्ट आला. छान जमलं.

२२ जानेवारी

चालला! लोक एकमेकांना पाठवतायत. दुकानात रांग!

यांनी आज बघितला. चेहराच उतरला. "अगं, दात बघून कोणीही तशी किल्ली कापेल! आधी काढून टाक तो!" मी उसळले — इतक्या दिवसांनी गिऱ्हाईक आलंय, ते दिसत नाही का? हे नवीन कुलूप घेऊन वर गेले. बाईंनी हसण्यावारी नेलं. "माझ्याकडे काय आहे चोरायला?"

काढते म्हटलं. नाही काढला.

३ फेब्रुवारी

नर्सबाईंच्या घरी चोरी झाली. कुलूप शाबूत. किल्लीनेच उघडलंय. बाईंना जाग आली असावी — डोक्यात काहीतरी घातलं. दवाखान्यात आहेत, शुद्धीवर नाहीत. हे ऐकताच तसेच दवाखान्यात धावले.

मी आतून कडी लावली आणि व्हिडिओ काढून टाकला. फोनमधूनही. भीती वाटते. खूप भीती वाटते.

४ फेब्रुवारी

पोलीस आले. "दुसरी किल्ली कोणाकडे असते?" यांनी खिळ्यावरची काढून दिली. सरळ घेऊनच गेले यांना. साहेब दारात थांबून म्हणाला, "आणखी कोण सामील आहे, तेही बाहेर काढतो." माझ्याकडे बघून म्हणाला.

शेजारचे कोणी बोलत नाहीत. दुकान बंद.

५ फेब्रुवारी

बाई गेल्या.

६ फेब्रुवारी

चौकीत बोलावलं. हे बाकावर बसलेले, दाढी वाढलेली. मला बघून जरा जिवात जीव आला त्यांच्या. "साहेब, हिला विचारा. हिने व्हिडिओ टाकला होता. त्यात किल्ली सगळ्यांनी बघितलीय."

साहेब माझ्याकडे वळला.

मी म्हणाले, "कोणता व्हिडिओ?"