पाळणा कुणाचा लागतो

॥ श्रीभैरवनाथ कृपा ॥

भोर, २५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. आरतीस सरोजचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक. घशातल्या गाठीपायी डॉक्टरांनी मौन सांगितलं आहे, म्हणून फोनऐवजी कागद. घरात फार शांतता झाली असं हे म्हणतात, आणि म्हणताना सुखी दिसतात. तू पाठवलेला चिवडा पोचला. तेल जरा जास्त झालं होतं, तरी चवीला बरा.

आता खरी गोष्ट. सासूबाई गेल्या आणि त्यांचा पाळणा कुणाकडेच रेकॉर्ड केलेला नव्हता. धरणात गेलेल्या गावातली माणसं हळहळली. म्हणून भैरवनाथाच्या जन्माला लावायला एक पाळणा रेकॉर्ड करून नव्या देवळात ठेवायचा, एकच आणि कायमचा, असं पंचांनी ठरवलं. चांगलंच केलं. गाण्याचा मान थोरल्या सुनेचा, हे मी सांगायला नको.

सौमित्रने आधी माझा घेतला. इथे स्वयंपाकघरात, पंखा बंद करून, लॅपटॉपवर. मग गुंजवण्याला येऊन तुझाही घेतला, त्याच्या हातातल्या छोट्या यंत्रावर. तुझा कशाला, ते त्यालाच ठाऊक. दोन्ही पेनड्राइव्हवर घालून देवळात दिले. काल रायबा भावजींचा फोन आला, तेव्हा सौमित्र स्पीकर लावून बोलत होता. भावजी म्हणाले, तुझ्या काकूचा लागतोय, वहिनींचा लागतच न्हाई.

मला बोलता येत नाही, ऐकू येतं.

मी पाटीवर लिहून विचारलं. तो म्हणाला, आई, तुझी फाईल एआयएफएफ प्रकारची आहे, काकूची वेव्ह, आणि देवळातलं मशीन वेव्हच ओळखतं. म्हणजे पोटच्या मुलाने आईला एक डबा दिला, काकूला दुसरा, आणि देवाच्या दारात चालतो तो काकूचा. त्याला असं करायला कुणी सुचवलं? तुझ्याकडे जेवून आल्यापासून तुझ्या मटकीच्या उसळीचं कौतुक मात्र रोज ऐकते आहे.

रागाने लिहीत नाही, जप आटोपून लिहिते आहे. भावजींना नमस्कार सांग. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
सरोज

॥ श्री ॥

गुंजवणे, २९ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईंना आरतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या बंडूने आणून दिलं. तुम्ही लिहिता म्हणून मीही लिहितेच. इकडे भाताची कापणी सुरू झाली, ह्यांची कंबर धरली आहे. चिवड्याचं तेल तुम्हीच भोरहून स्वस्त मिळतं म्हणून पाठवलं होतं.

ताई, डब्याचं मला काय ठावं? सौमित्र आला, यंत्र माझ्यासमोर ठेवलं, शेळ्या लांब बांधा म्हणाला आणि गा म्हणाला. मी म्हटलं, ताईंचाच ठेव, माझा कशाला. तो म्हणाला, आईचा घसा ठीक नाही, दोन असू देत. तुमचा लागत नाही म्हटल्यावर ह्यांनी त्याला सांगितलं, व्हॉट्सअॅपवर बारका करून पाठव, फोनवरूनच लावू. तो नको म्हणाला. भात उखळात जास्त सडला की कोंड्याबरोबर वास जातो, तसं फाईल बारकी करताना आवाजातलं बारीकसारीक जातं म्हणे.

आता एक लिहिते. तोंडावर बोलायला मला जमलं नसतं. सासूबाई तुम्हाला पुढं बसवायच्या आणि मला मागं झील धरायला. पाळण्याची ती शेवटची उतरती जागा त्यांनी तुम्हाला मांडीला मांडी लावून शिकवली. म्या ती चुलीपुढं बसून, मधल्या दारातून ऐकली. मी गायले की बाया म्हणतात, आवाज गोड आहे. तुम्ही गायलात की सासूबाईंचं नाव घेतात, कमळाबाईच आल्या म्हणतात. मला ते लई खुपतं. तुमचा लागत न्हाई असं हे म्हणाले, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. मग देवाला हात जोडले.

पंच म्हणतात, मान थोरलीचा, त्या सांगतील तो लावू. तेव्हा काय ते कळवा. जन्म बारा तारखेला आहे. चुकलं असेल तर धाकटी म्हणून पदरात घ्या.

आपली
आरती

॥ श्रीभैरवनाथ कृपा ॥

भोर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. आरतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा बरं वाटलं. एकटीलाच खुपत असलं की फार जड जातं.

सौमित्र पुण्याला निघाला होता, त्याला थांबवलं. पाटीवर लिहिलं, डब्यांचं नीट समजाव, मी दहावी पास आहे. तो म्हणाला, दोन्हींत आवाज न दाबता, न गाळता, होता तसा ठेवलेला असतो, म्हणून दोन्ही सारखीच जागा खातात. फरक आकडे मांडायच्या रीतीचा. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. रक्कम तीच. रोजचा खर्च लिहिणारीला हे लगेच पटलं. लॅपटॉपची रीत एक, यंत्राची दुसरी, यात आई आणि काकू कुठे आल्याच नाहीत. माझी फाईल त्याने बघता बघता वेव्ह करून दिली.

तरी माझा विश्वास बसेना. एका डब्यातून दुसऱ्यात ओतताना थोडं सांडतंच. मग त्याने माझी जुनी आणि नवी एकावर एक ठेवली, त्यातली एक उलटी करून. अशाने सारखं असेल ते एकमेकांतून वजा होतं आणि फरक तेवढा ऐकू येतो. मी हेडफोन लावून बसले. काही नाही. बांगडी नाही, श्वास नाही, बाकी शून्य. आणि आरती, मला वाईट वाटलं. थोडा जरी फरक निघाला असता तरी डब्याला बोल लावता आला असता.

मग त्याच हेडफोनवर आधी माझा ऐकला, मग तुझा. माझा तिसऱ्या कडव्यात फाटतो. तो म्हणाला, तेवढं दुरुस्त करून देतो. मी मान हलवली, देवापुढे ठिगळ नको. तू ती उतरती जागा सासूबाईंपेक्षा अर्धा श्वास उशिरा घेतेस. ही चूक म्हणून तुला कळवायची, असं ठरवून परत परत ऐकली. चूक नाही. त्या थांबण्यात बाळ झोपतं.

दोघींचे आवाज एकत्र करू, असंही त्याने सुचवलं. नको म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं. पाळणा एकीचाच असतो.

तुझा लावा. भावजींना हे पत्र वाचून दाखव, पंचांपुढेही वाचायला सांग. माझी फाईल आता वेव्ह आहे आणि ती लागते. लागत असताना मी तुझी लावायला सांगते आहे.

बारा तारखेला आम्ही येतो. पाळण्याची दोरी मी ओढीन, ती कुणाला देणार नाही. तुझा आवाज सुरू झाला की मी डोळे मिटलेली दिसेन. बाया म्हणतील, सरोजबाईंचं ध्यान लागलं. तू तसं समजू नकोस. मी मनात माझा पाळणा म्हणत असेन, तुझ्या अर्धा श्वास आधी.

मुलांना आशीर्वाद. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
सरोज