पाहणीचा शनिवार

मांडवी, रत्नागिरी

प्रिय मनू,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू 'बाबा, मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस, मी 'बरं' म्हणतो, नि बोलणं संपतं. चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, माझं आपलं कागदावरच बरं चालतं.

अगो, आपल्या गल्लीत महाभारत चाललंय. आत्मारामच्या पोरांनी आगर विकलं. नारळी-पोफळी गेल्या, आता तिथे सात मजली इमारत येणार. बिऱ्हाडं बेचाळीस, गाड्या लावायला जागा वीस. उरलेल्या बावीस कुठे? आपल्या दारात! समोरून रिक्षा आली तर गडग्याला चिकटून उभं राहावं लागतं, अशी आपली गल्ली. शेजारचा गुरुप्रसाद पेटला, आणि हरकतीचा अर्ज लिहिणं माझ्या गळ्यात पडलं. लिहिलाही झकास. 'सदर गल्ली वाहनांनी सदैव व्यापलेली असून...' वगैरे. पुरावा म्हणून गणपतीत मी माडीवरून काढलेला फोटो जोडला. एकीला एक चिकटून चौदा गाड्या, त्यातली चौथी, लाल, ती तुझी.

आता कोकणातल्या माणसाने गणपतीतला फोटो पुरावा म्हणून द्यावा का? पण दिला. अकरा घरांनी खाली सह्या केल्या, एकाच्याही डोक्यात आलं नाही. गेल्या मंगळवारी नगरपरिषदेतून एक तरुण साहेब पाहणीला आला. फोटो हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला नि विचारतो, आजोबा, गाड्या कुठायत? गुरुप्रसाद म्हणाला, मुंबईला. साहेबाने वहीत लिहिलं, 'एक स्कूटर, बंद.' ती माझी. मेल्याला हसूसुद्धा आलं नाही.

तो गेल्यावर मला फार एकटं वाटलं. त्या अकरा घरांपैकी सातांना कुलूप आहे, सह्यासुद्धा त्यांनी मुंबईहून पाठवल्या. किल्ल्या माझ्या खुंटीवर. तिन्हीसांजेला एकेक घर उघडून पडवीतला दिवा लावतो, सकाळी विझवतो. तुझी आई होती तेव्हा चार घरं तिची, तीन माझी, आणि परतताना कुणाची जास्वंद चांगली यावरून आमची रोजची वादावादी. आता सातही माझीच. परवा लांबून केरूच्या पडवीत उजेड दिसला आणि वाटलं, आला वाटतं केरू! चार पावलं भराभर टाकलीसुद्धा. मग आठवलं, तो दिवा आपणच लावलाय.

आता शनिवारी दहाला फेरपाहणी आहे. गुरुप्रसादचं फर्मान निघालंय, सगळ्यांनी पोरांना गाड्या घेऊन बोलवा, गल्ली गच्च दिसली पाहिजे. आणि नवल म्हणजे सगळी येतायत! आईबापाच्या आजारपणाला रजा मिळत नाही, पार्किंगच्या भांडणाला मिळते. तुझ्यावर टोमणा नाही हं. थोडासा आहे. आईच्या वर्षश्राद्धाला तुझं पान मांडून दोनपर्यंत बसलो होतो. बोललो नव्हतो तेव्हा, आज बोललो.

तर, 'शनिवारी गाडी घेऊन ये' एवढंच लिहायला गुरुप्रसादने मला बसवलंय, आणि तेवढंच माझ्याच्याने लिहवत नाही. मनू, मला ती इमारत हवी आहे. बेचाळीस दिवे लागतील आणि त्यातला एकही मला लावावा लागणार नाही. गाड्यांचे हॉर्न वाजू देत, पोरं रडू देत, कुणीतरी माझ्या दारासमोर गाडी लावू दे, म्हणजे मला भांडायला तरी माणूस मिळेल. शनिवारी मी साहेबाला सांगणार आहे की गल्ली वर्षभर रिकामी असते, माझी सही खोडा. गुरुप्रसाद रोज संध्याकाळी चहाला येतो, तो त्या दिवसापासून यायचा नाही. एवढं एकच माणूस होतं, तेही जाईल. म्हणून शनिवारी येऊ नकोस. रविवारी ये. तोवर सगळ्या गाड्या परत गेलेल्या असतील, तुझी कुठेही लाव. सात दिवे आहेत, चार तू घे.

तुझाच,
बाबा