कच्चा माल

३ मे, शुक्रवार. मेसईद, कतार.
आजपासून मेणबत्त्या. राणीच्या शाळेत सोळा तारखेला ‘कलोनियल डे’ आहे. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं त्या काळातला एकेक धंदा पाचवीतल्या एकेका मुलाला दिलाय. कुणी लोहार, कुणी पिंपं करणारा, राणी मेणबत्तीवाली. मेणबत्त्या बाबा करणार, हे मी फेब्रुवारीतच जाहीर केलं. फेब्रुवारी ते मे, म्हणजे प्लॅनिंगला भरपूर वेळ दिला.

अनुजा आणि राणी जानेवारीपासून शहरात, अल मुंतझाला राहतात. शाळा जवळ पडते म्हणून. जूनमध्ये दोघी सुट्टीला सांगलीला जातील. तिकिटं वन-वे आहेत, पण ते रिटर्न महाग म्हणून असणार. कलोनियल डे नीट पार पडला की अनुजाशी बोलायचं. ऑगस्टमध्ये दोघी परत इथेच, माझ्याकडे. खात्री आहे.

५ मे, रविवार.
वाचन केलं. त्या लोकांचं सगळं घरच्या घरी: साबण, लोणी, कापड, मेणबत्त्या. बायका-पोरं सगळी कामाला. गरीब माणूस बोटीच्या भाड्यापायी पाच-सात वर्षं कुणाकडे तरी बांधलेला असायचा. मुदत संपली की मोकळा. हे रूम पार्टनर फजलला सांगितलं. तो म्हणाला, भाई, अपना तो हर दो साल में रिन्यू होता है. त्याला इतिहासात गती नाही.

मेणबत्त्या चरबीच्या करत. अनुजा माझं अंडंसुद्धा वेगळ्या तव्यावर करायची. चरबी कॅन्सल.

१० मे, शुक्रवार.
मेण कुठेच मिळेना. सुपरमार्केटमधून दोन डझन मेणबत्त्या आणल्या आणि वितळवल्या. फजलने विचारलं, मेणबत्ती वितळवून मेणबत्तीच करायची? समजावणं सोडून दिलं. खलास.

पद्धत सोपी. काठीला वाती लटकवायच्या, मेणात बुडवायच्या, गार होऊ द्यायच्या, परत बुडवायच्या. दर वेळी एक थर चढतो. घाई केली तर आधीचा थरही वितळून जातो, असं लिहिलंय. पण मला ड्युटी होती, म्हणून भराभर बुडवल्या. शेवटी होत्या त्याहून बारीक झाल्या.

राणीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, दे मेड देम व्हेन इट वॉज कोल्ड, आय टोल्ड यू. मी म्हटलं, आपल्याकडे एसी आहे. ती म्हणाली, ओके बाबा. असं ‘ओके’ म्हणायची सवय तिला आईकडून लागली.

१३ मे, सोमवार.
जमलं. सहा मेणबत्त्या. जरा वाकड्या आहेत, पण हातच्या वस्तू अशाच असतात. फजल म्हणाला, कतार में लाइट कब जाती है, भाई? जळतो.

संकल्प: गुरुवारी लवकर पोहोचायचं. मागच्या वर्षी स्पोर्ट्स डेला मी गेलो तेव्हा खुर्च्या गोळा करत होते. ट्रॅफिक.

१६ मे, गुरुवार.
लवकर पोहोचलो. इतका, की सिक्युरिटीवाला म्हणाला, पेरेंट्सना अजून एंट्री नाही. मेणबत्त्या गाडीत मागच्या सीटवर ठेवून चहाला गेलो. परत आलो तर सहाची एक झाली होती. वाती मात्र शाबूत.
हे लवकर आल्यामुळे झालं, याची नोंद असावी.

आत गेलो तर राणीच्या टेबलावर डझनभर मेणबत्त्या. सरळ, पांढऱ्या. मायलेकींनी फेब्रुवारीतच मुंतझाच्या बाल्कनीत केल्या म्हणे, थंडी होती तेव्हा. प्रत्येकीवर बोटांचे ठसे, काही मोठे, काही लहान. म्हणजे बॅकअप ठेवला होता. प्लॅनिंगमध्ये पोरगी माझ्यावर गेली आहे.

टीचरनी विचारलं, या कुणी केल्या. राणी म्हणाली, मम्मा अँड मी. मग तिने मला पाहिलं. माझ्या हातातला गोळा घेतला, टेबलावर मांडला आणि पुढे कार्ड लिहून ठेवलं: रॉ मटेरियल. कच्चा माल. त्याशिवाय धंदा होतो का? कार्यक्रम संपेपर्यंत मी त्याच्यामागे उभा होतो.

अनुजा म्हणाली, आलास ते बरं केलंस. मी ऑगस्टचा विषय काढला. ती म्हणाली, आपलं बोलून झालंय, श्रीपती. म्हणजे तिलाही वेगळं बोलायची गरज वाटत नाही.

१४ जून, शुक्रवार.
दोघींना एअरपोर्टला सोडलं. अनुजाने टॅक्सी सांगितली होती, मीच हट्टाने गाडी नेली. बॅगा मावेनात. एकीत मिक्सर. सुट्टीला मिक्सर कशाला, विचारलं. अनुजा म्हणाली, राहू दे ना आता.

राणीने गळ्यात हात टाकले. तिच्या मेणबत्त्यांतली एक दिली आणि चक्क मराठीत म्हणाली, बाबा, गाडीत ठेवू नको हं.

ठेवली नाही. मेसईदपर्यंत हातात धरली, एका हाताने गाडी चालवली. रूमवर येऊन पाहिलं. मेण मऊ पडलेलं. माझ्या बोटांचे खड्डे पडलेत. त्या दोघींचे ठसे होते, ते गेले.

फ्रीजमध्ये ठेवली आहे. फजल दूध ठेवायला आला. त्याने दूध दुसऱ्या कप्प्यात ठेवलं.