नाव येईपर्यंत

पेण,
दि. ११ जानेवारी १९९९

चि. पूजा हिस,
अ. उ. आ.

हे पत्र तक्रारीचे असल्याने आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. पहिली गोष्ट, मस्कतच्या कंपनीने मुलाच्या जागी त्याचे सामान पाठवले; त्यात आलेला लॅपटॉप दिवाळीपर्यंत विनातक्रार सुरू होत असे. दुसरी, दिवाळीत तू रोह्याहून आलीस आणि मराठी अक्षरे बसवण्याच्या निमित्ताने दुपारभर त्याच्याशी खेळत बसलीस. तिसरी, तेव्हापासून रोज संध्याकाळी निळा पडदा येतो, मागील वेळी यंत्र रीतीप्रमाणे बंद केले नव्हते असे इंग्रजीत सुनावले जाते आणि डिस्कची तपासणी सुरू होते. ती संपेतो माझा चहा निवतो आणि भूमितीच्या पुस्तकाचे प्रकरण पुढे नेण्याची इच्छाही निवते.

मी आयुष्यात कोणतीही वस्तू अर्धवट मिटलेली नाही. रोज रात्री पूर्ण रीतीने यंत्र बंद करतो आणि ते रोज माझ्यावर खोटा आरोप करते. दोष कोठून शिरला, हे सांगायला गणिताचा प्राध्यापक लागत नाही.

आणखी एक. तपासणीनंतर एक चौकट येते. तीत त्याचे नाव असते आणि परवलीचा शब्द विचारला जातो. तो शब्द कोणालाच ठाऊक नसल्याने मी कोपऱ्यातली कळ दाबून पुढे जातो. ही पायरी निरर्थक आहे. ती कायमची काढून टाकावी.

टेलिफोन करू नये. टेलिफोनवर बोललेले पुढे कोणी मान्य करीत नाही.

तुझा काका,
मोरेश्वर दिघे

---

रोहा,
१५ जानेवारी १९९९

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आई म्हणाली, कोर्टाचे समन्स यापेक्षा मायाळू असते. बाबांनी मात्र धाकट्या भावाला शोभेल अशा अभिमानाने तुमचे अक्षर मला दाखवले आणि माझ्या अक्षराबद्दल दोन शब्द ऐकवले.

आरोप मान्य नाही, काका. मराठी अक्षरे बसवल्याने तपासणी लागत नाही. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी निकामी आहे, म्हणून भिंतीवरचे बटण बंद झाले की तो जागच्या जागी विझतो आणि पुढच्या वेळी आपल्याला काही इजा झाली नाही ना, हे चाचपत बसतो. तुम्ही त्याला रात्री नीट बंद करता यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणजे त्यानंतर आणि तुमच्या पुढच्या संध्याकाळच्या आत कोणीतरी त्याला सुरू करून तसाच मालवत असणार. मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासमधली मुले हेच करतात आणि वर साळसूदपणे वीज गेली म्हणून सांगतात. घरात एकदा विचारून बघा, पण प्राध्यापकासारखे नको.

नावाची चौकट काढणे सोपे आहे. २४ तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीने येऊन काढून देते. निलेशदादाचे नाव रोज असे समोर येणे तुम्हाला जड जात असेल, हे मला दिवाळीतच कळायला हवे होते.

काकूला सांगा, वालाचे बिरडे करणार असेल तर दुपारच्या गाडीने परतायची घाई करणार नाही.

लोभ आहेच, तो रागावूनही असू द्यावा.

तुमची,
पूजा

---

पेण,
१८ जानेवारी

चि. पूजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही. घरात आहोत दोघंच, तू तर यंत्राला हातही लावत नाहीस, मग कोण हा तिसरा, असं म्हणून ह्यांनी पत्र पाकिटात घातलं.

पूजा, ती मीच गो.

दिवाळीत तूच मला बोलावून दाखवलं होतंस, बघ काकू, दादाचं नाव अजून येतं. मला इंग्रजी येत नाही, पण ती सहा अक्षरं मी कुठेही ओळखीन. मस्कतला जाताना त्याच्या बॅगेवर पांढऱ्या रंगाने मीच ती काढली होती, ह्यांनी दिलेल्या कागदावर बघून. पहिलंच अक्षर उलटं आलं म्हणून ह्यांनी सगळी पुसायला लावली. निलेश हसून म्हणाला, आई, राहू दे तसंच, माझी बॅग लांबून ओळखू येईल. मी पुसलीच. आता वाटतं, राहू द्यायला हवी होती.

दुपारी हे लायब्ररीत गेले की मी लॅपटॉप लावते. नाव येईपर्यंत थांबते. नाव आलं की बसते जरा वेळ. पुढे गेलं की नाव जातं, म्हणून मी पुढे जातच नाही. भिंतीवरचं बटण बंद करते. हौसा परवा भांडी घासता घासता म्हणाली, काय गो बाय, चित्र तं हालत नाय, मंग बगतस काय एवढा? मी म्हटलं, वेळ बघते.

त्यामुळे यंत्राला इजा होते हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांचं पुस्तक तर निलेशनेच टाइप करायला घेतलं होतं, ते अडलं तर मला खपणार नाही. बटणाला मी आता हात लावणार नाही. फक्त नाव काढू नकोस. ह्यांना काही कळवू नकोस. ते कारण विचारतील आणि मला ते क्रमाने सांगता येणार नाही.

पत्र हौसाच्या हाती टाकते आहे. बिरड्याचे वाल आणून ठेवलेत.

तुझी काकू

---

पेण,
दि. २७ जानेवारी १९९९

चि. पूजा हिस,
अ. उ. आ.

वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे. तू रविवारी आली नाहीस. चौकट काढण्यास लागणारी चकती मिळत नाही, हे तू पत्राने कळवलेले कारण मला पटलेले नाही. मी ते तपासणारही नाही.

गेल्या आठवड्यापासून यंत्र तत्काळ सुरू होऊ लागले. तुझ्या काकूचे मात्र दुपारचे जेवण कमी झाले. मी त्या दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही.

काल सव्वीस जानेवारी, हे विसरून मी लायब्ररीत गेलो. दार बंद होते, म्हणून लगेच परतलो. माझ्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. तुझी काकू यंत्रासमोर बसली होती. यंत्र बंद होते. ती काळ्या काचेवर बोटाने काहीतरी काढत होती. पहिले अक्षर काढून थांबली, पदराने पुसले आणि पुन्हा काढले. ते उलटे आले होते का, हे मला दारातून दिसले नाही. मी आत गेलो नाही. बाजारात फिरलो आणि नेहमीच्या वेळी घरी आलो.

संध्याकाळी यंत्र लावले. चौकट आली. ती पायरी आजवर मी न बघता ओलांडत असे. काल ओलांडली नाही. निलेशचे नाव बराच वेळ तसेच होते. भूमितीचे काम झाले नाही.

दिवाळीत तू यंत्रात दोष घातलास, हे विधान मी मागे घेतो. चौकट काढण्याची मागणीही रद्द समजावी.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, चौकटीपासून सुरुवात करून यंत्र रीतीने बंद कसे करावे, ते मराठीत, ठळक अक्षरांत, कळांची चित्रे काढून लिही. इंग्रजी शब्द एकही नको. ते कोणासाठी आहे, हे वर घालू नकोस. मी ते भिंतीवरच्या बटणाशेजारी डकवीन आणि मला विसर पडू लागला आहे, असे घरात सांगेन. दुसरी, पुढे यंत्र कोणीही उघडले, दुरुस्त केले, तरी ते नाव जाणार नाही, याची खात्री दे.

दोन्ही गोष्टी मला लेखी हव्यात. उत्तर उलट टपाली धाडावे.

तुझा काका,
मोरेश्वर दिघे